राबाखालचा सुरण

मी सुरण बोलतोय. मला हौसेनं कोणी हात लावत नाही, आणि लावलाच तर खाजवत घरी जातो. अशा स्वभावाच्या माणसाला लोक साहेब म्हणतात. मला कांद्याच्या टोपलीत टाकलं.

कार्ला गावात निवृत्तीआबांच्या घरी आलो तेव्हा मी मुठीएवढा होतो. आबा भात पिकवणारे. मुलगा आकाश तळेगावला कंपनीत, सून शुभदा घर सांभाळणारी, आणि नातवंडं दोन: सात वर्षांची हर्षदा, सहाचा लखन. मुलांना मातीची गोडी लागावी, याबद्दल तिन्ही मोठ्यांचं एकमत होतं. मुलांनी मातीला हात लावू नये, याबद्दलही होतं. लावणीत मुलं चिखलात उतरली की आबा म्हणत, "रोपं तुडवाल, बांधावर बसा." अंगणात उतरली की शुभदा म्हणे, "कपडे कोण धुणार?"

शेवटी आकाशनं गोडी ऑनलाइन मागवली. खोक्यात गुलाबी प्लॅस्टिकचं खुरपं, नाण्याएवढ्या मातीच्या वड्या आणि बियांची पाकिटं होती. रविवारी शुभदानं वर्तमानपत्र अंथरलं, आकाशनं सूचना वाचल्या आणि आकाशनंच बिया लावल्या. मुलांचा सहभाग फोटोपुरता. आबा म्हणाले, "माती काय खोक्यातनं येती व्हय?" आठवड्यात रोपं माना टाकून मोकळी झाली.

त्याच रविवारी, कोंब आलेला म्हणून शुभदानं मला उकिरड्यावर फेकलं. हर्षदानं उचललं. गुलाबी खुरपं पहिल्याच घावात मोडलं, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातलं उलथनं पळवलं आणि मला घरामागं चार बोटं खोल पुरलं. लखननं पाणी घातलं. कुठून आणलं ते विचारू नका. मग मोरीच्या दगडापासून टाचेला चवडा लावत हर्षदानं पावलं मोजली. वीस भरली.

पावसाळ्यात माझा ठिपक्याठिपक्यांचा दांडा वर आला. शुभदानं तो साप समजून काठी उगारली होती. पुढं त्यावर पानांची छत्री फुटली, आणि दोघं माझ्याखाली डोकं घालून बसू लागली. दिवाळीनंतर मी पिवळा पडलो, आडवा झालो. लखननं निकाल दिला, "मेला."

आबा गुरांना पाणी दाखवायला चालले होते. जाता जाता म्हणाले, "सुरण मरत न्हाई रं. निजतो. वैशाखात उठंल." आणि विसरून गेले. मोठी माणसं असली वाक्यं बोलतात आणि विसरतात. मुलं जपून ठेवतात.

वैशाख आला. भाताची रोपं करायची जागा आमच्याकडे आधी भाजून घेतात. शेण, पाला, गवत असे थर देऊन पेटवायचे, म्हणजे तण मरतं. याला राब म्हणतात. आबांच्या राबाच्या जागेला लागून यंदा मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला उभा राहिला. ते शुद्ध हवेसाठी आलेले, त्यामुळं धुराला त्यांची हरकत होती. आबांनी वाद टाळला आणि राब घरामागं घेतला. माझ्यावर.

हर्षदा आणि लखन सुट्टीला मामाकडे, सुदुंबऱ्याला गेलेले. दोन दिवस मी डोक्यावर एकेक थर पडताना ऐकत होतो. माझा कोंब जमिनीच्या तोंडाशी आला होता. बोटभर वर माती, त्यावर सरण. मी ओरडू शकत नाही, खाजवू शकतो, तेही कुणी हात लावला तर.

तिसऱ्या दिवशी दुपारी विसापूर किल्ल्यावर ढग चढला. भिजलेला राब धड पेटत नाही, म्हणून आबांनी घाईनं काडी ओढली. तेवढ्यात मुलांना मामाकडून घेऊन आकाशची मोटारसायकल दारात थांबली, आणि मागून हर्षदाचा आवाज आला.

"आबा, थांबा. हितं माझा सुरण हाय."

"कुटला सुरण? तो दिवाळीतच गेला."

"गेला न्हाई, निजलाय. तुमीच म्हणालता."

आबांच्या बोटांतली काडी विझली. त्यांनी दुसरी काढली. "राब वाया गेला तर रोपं कुटं करू? तुझ्या सुरणावर?"

लखन राबावर जाऊन बसला.

"ऊठ. भाजशील."

"भाजू दे."

"अरे, नवीन चड्डी आहे ती," शुभदा दारातून म्हणाली.

आकाश म्हणाला, "हर्षू, मी दुसरा मागवतो. दोन दिवसांत येईल."

"मला ह्योच पायजे."

आबांनी ढगाकडे पाहिलं. "बरं. ढग हितवर यायच्या आत काढून दाव. न्हाई घावला तर पेटवणार. मग रडायचं न्हाई."

हर्षदानं मोरीच्या दगडापासून पावलं मोजली. वीस. थर बाजूला सारून तिनं आबांच्या खुरप्यानं खणलं. काही नाही. थोडं पुढं खणलं, त्याच्याही पुढं खणलं. मी हातभर लांब होतो आणि तिचं खुरपं माझ्यापासून दूर दूर चाललं होतं. वारा सुटला, गवत उडायला लागलं. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा वीस, पुन्हा तीच जागा. आता तिचा श्वास ऐकू येत होता.

आबा काडेपेटी हातात धरून बघत होते. जिंकत आले होते. पण जन्मभर बांध पावलांनी मोजलेला माणूस चुकीचं माप किती वेळ बघणार?

"पोरी, गेल्या साली पायात काय व्हतं तुझ्या?"

"चपला. निळ्या."

"कुटं हायेत त्या?"

सगळ्यांनी लखनच्या पायांकडे पाहिलं. हर्षदाच्या गेल्या वर्षीच्या चपला यंदा लखनच्या पायात, हा त्या घरातला कायदाच होता. लखन राबावरून उठला, दगडापाशी गेला आणि टाचेला चवडा लावत निघाला. विसावं पाऊल माझ्या उशाशी पडलं.

हर्षदानं खुरपं उगारलं, तसं आबांनी मनगट धरलं.

"लोखंड नगं. कोंब मोडंल. हातानं उकर."

आबांच्या तोंडून हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच आलं. मग स्वतःही गुडघ्यावर बसले. आकाश आला, साडी खोचून शुभदा आली. मी वर निघालो तो शहाळ्याएवढा. आबांनी मला एका बाजूला ठेवलं आणि राब पेटवला. तो पुरता जळला, मग थेंब पडले. तोवर सगळं घर कोपरापर्यंत चिंच चोळत बसलं होतं.

शुभदाच्या डोळ्यांत भाजी दिसत होती. आबांनी विळी मागितली, तेव्हा हर्षदानं तोंड फिरवलं. त्यांनी माझे चार तुकडे केले, प्रत्येकात कोंबाचा वाटा ठेवून. शेणकाल्यात बुडवून कुंपणालगत लावले: एक आबांनी, एक शुभदानं, एक आकाशनं, एक मुलांनी.

तिघे उगवलेत. बोलतोय तो चौथा, आकाशनं लावलेला. त्यानं सूचना नीट ऐकल्या आणि मला उलटा पुरला. वळसा घालून येतोय, वेळ लागेल. तोपर्यंत विनंती एकच: मला उकरून बघू नका, आणि पोरांना मातीतून उठवू नका.

माझी जागा चुकायची नाही. हर्षदानं या खेपेला आबांना चालायला लावून माप घेतलंय. त्यांची पावलं आता वाढायची नाहीत.