मोनालीच्या उजेडातली निळी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला नीट वाचता यावं म्हणून तिच्या खोलीत मीच पांढरे एलईडी दिवे लावून दिले होते. पुढच्या वेळी खंडव्याहून बुऱ्हाणपूरला आले, तर खोली पिवळी झाली होती.

"आईंना दवाखान्यात निजल्यासारखं वाटायचं, ताई," माझी भावजय अलका म्हणाली. "म्हणून बदलले."

त्या मऊ उजेडात आई पाय पसरून निवांत बसली होती. दवाखान्यासारखं वाटतं, हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. अलकाला सांगितलं होतं. त्या खेपेला मी अलकाशी धड बोलले नाही.

आईच्या तेराव्याच्या संध्याकाळी आम्ही त्याच खोलीत तिची पेटी उघडली. जाण्याआधी तिने माझ्या भावाला, पंकजला, सांगून ठेवलं होतं, "निळी रेशमी मोनालीला, हिरवी अलकाला." पेटीत रेशमी साड्या दोनच निघाल्या. दोन्ही हिरव्या.

"निळी नाहीच की," मी म्हणाले. "कुणाला देऊन टाकली का?"

प्रश्न पंकजला होता, नजर अलकाकडे.

"चिठ्ठ्या टाका," पंकज म्हणाला. "नाहीतर अर्धी अर्धी फाडून घ्या."

"तुम्ही चुप बसा हो!" अलकाने त्याचा मोबाईल ओढून घेतला आणि टॉर्च लावला. पांढऱ्या झोतात एक साडी केळीच्या पानासारखी हिरवीच राहिली. दुसरी निळी झाली.

"ही तुमची. घ्या."

"तुला कसं ठाऊक?"

"आईच म्हणायच्या ना. 'मोनालीच्या उजेडात निळी दिसायची, तुझ्या उजेडात हिरवी झाली बघ. पण मी हिला निळीच म्हणणार.'"

"कधी म्हणाली?"

"आता काय ध्यानात राहतं? रोजच काही ना काही बोलत बसायच्या."

रोज. मला ती फोनवर "जेवलीस का" विचारायची आणि ठेवून द्यायची. साडी माझ्या मांडीवर होती. मला हवं होतं ते सगळं समोर बसलेल्या बाईपाशी होतं, आणि तिला त्याचं काही विशेषही वाटत नव्हतं.

"आणखी काय म्हणायची?"

अलका आठवून आठवून सांगू लागली. एकेक वाक्य माझ्या मनाला लागत होतं. थोड्या वेळाने ती उठली. "चहा टाकते, ताई."

"बस," मी म्हणाले. "आधी सांग."