सासूच्या उशाशी एक रात्र

नवा विवाह कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. मुलुंडच्या विद्याधर वकिलांनी मालनला दोनच गोष्टी बजावल्या.

पहिली, चौकीत मारहाणीची नोंद कर. ती गेली. हवालदार म्हणाला, "बाई, नवरा-बायकोच्या भांडणात पोलीस कशाला?"

"पकडू नका त्याला. लिहून घ्या, नि नक्कल द्या."

"वकीलच झालीस की गं!" तो हसला, पण लिहिलं.

दुसरी, नवऱ्याच्या घाटकोपरच्या खोलीत आता एकही रात्र काढायची नाही. "राहिलीस की तुझा नवरा, बाळा, म्हणेल, बायकोनं झालं-गेलं माफ केलं. मग वेगळं राहायचा हुकूम नाही, नि त्यानंतर दोन वर्षांनी मागायचा घटस्फोटही नाही."

पाच महिने ती भावाकडे होती. मग निरोप आला, सासू अंथरुणाला खिळली.

बाळा मारताना मध्ये पडायची ती हीच सासू. लेकाविरुद्ध कोर्टात सांगायलाही तयार होती. "माझोच झील, पण खोटा कित्याक सांगू?" जात्यावर मालनच्या ओठी यायचं,

सासूच्या गं तळहाती ओली हळद उगाळली
लेकानं दिला वळ, तिनं पदरानं झाकला

मालन दिवसा जायची, दिवेलागणीला परतायची. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं तिचा पदर मुठीत धरला. "चेडवा, आज जाव नको गो."

दारात बाळा टेकून उभा. "रहा की. वकिलाला घाबरतेस?"

मालननं वर पाहिलं नाही. पेज निवत होती. ती भरवायला बसली.

पहाटे मूठ सैल पडली.

म्हातारी गेल्यावर चौथ्या दिवशी ती वकिलांच्या दारापाशी आली, आत येईना.

"ये ना, बस."

"सुतक आहे, साहेब. एक रात्र राहिले तिथं."

वकिलांनी सगळं ऐकलं. "नुसती रात्र नाही गं, तू माफ केलंस का, ते कोर्ट बघतं. म्हातारीसाठी राहिलीस, नवऱ्यासाठी नाही, असं आपण सांगू. पण खोलीत आणखी कोण होतं?"

"ती नि तो."

"आणि मारहाण पाहिलेलं कोण?"

"तीच."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक विचारू?" मालन म्हणाली. "घटस्फोट आधीच झाला असता, तर तिचं सुतक मला धरता आलं असतं का हो?"

वकिलांचा हात कायद्याच्या पुस्तकाकडे गेला, आणि त्यावर तसाच राहिला.