लहान आकडा

रुख्माला सायकल नुकतीच यायला लागली होती, म्हणून मुर्री गावाहून गोंदियाच्या धावपट्टीवर बाबांचा डबा पोचवायचं काम तिनं आईच्या हातून हिसकावूनच घेतलं होतं. कोंबड्या फडफडत बाजूला व्हायच्या, गाडीवाले शिव्या घालायचे, आणि ही आपली घंटी वाजवत राणीसारखी निघायची.

त्या रविवारी मात्र बाबांनी डबा उघडलाच नाही. तिचे बाबा, ईश्वरदास, धावपट्टीवर हवामानाचं काम बघायचे. रोज सकाळी हिरालाल पायलट छोटं विमान घेऊन वर जायचा, पंखाच्या दांडीला बांधलेलं थर्मामीटर वाचून कुठल्या उंचीवर किती तापमान ते सांगायचा, आणि बाबा ते तारेनं नागपूरला कळवायचे. तिथं त्यावरून पुढच्या हवामानाचा अंदाज बांधत. आता नागपूरहूनच तार आली होती. आमच्या हवामानाच्या फुग्यापेक्षा गोंदियाचे आकडे नेहमी थंड कसे? उद्या साहेब येतील. कारण सापडलं नाही तर उड्डाण बंद. उड्डाण बंद म्हणजे बाबांची नोकरी गेली, आणि मूळ गावी परतावं लागलं की रुख्माची गोंदियातली शाळाही.

हिरालाल विमानाच्या चाकाला टेकून बसला होता. त्याला हे आपल्यावर आल्यासारखं वाटलं. "मैं तो दोनों बार पढ़ता हूँ, बिटिया. चढ़ते भी, उतरते भी."

"मग बाबा, तुम्ही कोणता पाठवता?"

"लहान."

"काऊन?"

बाबांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. नवेगाव बांध या मूळ गावी त्यांच्या घराण्याकडे तलावाचं पाणी मोजायचं काम होतं. शेताला पाणी सोडण्याआधी दोघांनी दोन जागी बांबू बुडवायचा, गावासमोर आकडे सांगायचे, आणि त्यातला लहान धरायचा. म्हणजे नसलेलं पाणी कोणाला कबूल केलं जायला नको. तीच सवय त्यांनी आभाळालाही लावली होती.

रुख्माला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. वर्गात ती हात वर करण्याआधीच उत्तर देऊन टाकायची. इथं ती आधी कचेरीच्या पायरीवर त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"बाबा, शाळेत गरम पाण्यातून थर्मामीटर काढलं ना, तर पारा लगेच नाही उतरत. रेंगाळते. विमानातही तसंच होत असन. चढताना खालची गरमी घेऊन जाते, उतरताना वरची थंडी घेऊन येते. खरं तापमान मधात कुठंतरी."

बाबांनी पाठवलेल्या आकड्यांची वही उघडून पानं चाळली.

"म्हणजे मी रोज थंडीच पाठवून राहिलो."

हिरालालनं सोपी वाट काढून दिली. थर्मामीटर बिघडलं होतं म्हणा, नवं मागवा, विषय संपला. रुख्मालाही ते एकदम पटलं. बाबा मात्र उठून नागपूरची तार पुन्हा वाचायला लागले.

सोमवारी शाळेला दांडी मारून ती पुन्हा हजर. साहेब जीपमधून उतरले आणि चष्म्यावरची धूळ पुसायच्या आत बाबांनी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. तलाव, बांबू, लहान आकडा, सगळं. थर्मामीटरला त्यांनी दोष दिला नाही.

साहेब रागावले नाहीत, उलट हळहळले. "दोन्ही आकडे हातात असायचे, आणि तुम्ही त्यातला एक रोज टाकून द्यायचात?"

त्यांनी हिरालालला लगेच वर धाडलं. पाच हजार फुटांवर चढताना एकोणीस अंश आले, उतरताना पंधरा.

"सतरा धरा," साहेब म्हणाले, "आणि पुढे लिहा, दोन अंश इकडे किंवा तिकडे. आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, ते या दोनावरून ठरतं."

"चूकही पाठवाची, साहेब?"

"तीच तर पाहिजे. आजवरचे आकडे मात्र बाद करावे लागतील, ईश्वरदास. उड्डाण चालू ठेवा."

बाबांचा चेहरा उजळता उजळता उतरला. कितीतरी सकाळींचं काम एका शब्दात बाद झालं होतं. रुख्मानं त्यांची बाही घट्ट धरली. तिला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण तेवढी घाई आज तिनं केली नाही.

बाबा तारयंत्रापाशी बसले. सतरा गेले, आणि हात थांबला. आपल्याला पक्कं माहीत नाही, असं त्यांनी सरकारला आजवर कधी कळवलं नव्हतं. कान लाल झाले. मग त्यांनी किल्ली दाबली आणि ‘दोन अंश इकडे किंवा तिकडे’ हेही पाठवून दिलं.