फुलांना हात लावू नका

मंगळवारी सकाळी माधवी शहराच्या गढा भागातल्या अंध महिला वसतिगृहाच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा बागेत जांभळी आणि गुलाबी पिटुनिया फुललेली होती. शनिवारी तिथं यातलं काहीही नव्हतं. शनिवारी तिथं मरवा होता, दवणा होता, गवती चहाची दोन जुनी ठोंबं होती आणि मागच्या ओट्यावर चार मोगरे होते. फुलं म्हणावीत अशी फारशी नव्हतीच. ती बाग दिसण्यासाठी केलेलीच नव्हती.

पहिल्या ओट्याजवळ सत्यवती उभी होती. वसतिगृहात राहणाऱ्या तेवीस जणींपैकी ही सगळ्यांत जुनी. जन्मापासून आंधळी, पंचेचाळिशीची, खुर्च्या वेतानं विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती वाकून पिटुनियाच्या पानांवरून बोटं फिरवत होती आणि दर खेपेला बोटं पदराला पुसत होती.

"दीदी, आप आ गईं?" चपलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "ज़रा देखिए तो, मरुआ कहाँ गया? ये क्या चिपचिपा लगा दिया है किसी ने?"

माधवी तिच्या जवळ गेली. तिचं लक्ष सत्यवतीच्या पायाकडे गेलं. नडगीवर वीतभर खरचटलं होतं आणि रक्त वाळून काळं पडलं होतं.

"हे काय झालं?"

"रस्सी नहीं है ना. गमले से टकरा गई."

खरंच, दोरी नव्हती. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत कमरेच्या उंचीवर बांधलेली दोरी कोणीतरी सोडून नेली होती. तिच्या जागी वाटेच्या दोन्ही बाजूंना रंगवलेल्या सिमेंटच्या कुंड्या मांडल्या होत्या, आणि अगदी समोर, लोखंडी दांड्यावर, हिरव्या रंगाची नवी पाटी होती : 'कृपया फूलों को हाथ न लगाएँ.'

माधवीनं ती पाटी दोनदा वाचली.

माधवी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. निवृत्तीनंतर ती वसुंधरा उद्यान मंडळात आली. मंडळात वीसेक जण, बहुतेक या हिंदी शहरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतले, आणि कामंही चांगली चालायची. रस्त्याकडेच्या झाडांना जाळ्या बसवल्या होत्या, एका शाळेत भाजीचे वाफे करून दिले होते. दोन वर्षांपूर्वी माधवीनंच सुचवलं, की वसतिगृहाच्या ओसाड अंगणात वासाची बाग करू. जमिनीवर वाफे न करता कमरेएवढे विटांचे ओटे बांधायचे, म्हणजे वाकायला नको. प्रत्येक ओट्यावर एकच वास. दोरीची युक्ती सत्यवतीची. मरव्यापाशी दोरीला एक गाठ, दवण्यापाशी दोन, मोगऱ्यापाशी पाच, अशा गाठी तिनं स्वतः मारल्या. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईनं मरव्याचं पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि विचारलं होतं, "तोड़ लूँ? कोई डाँटेगा तो नहीं?" त्या दिवशी माधवी घरी जाऊन रडली होती.

मंडळाचा माळी नथ्थू मागच्या भिंतीपाशी पाईप गुंडाळत होता. माधवी तिकडे गेली.

"नथ्थू भैया, ये किसने करवाया?"

नथ्थू मान खाली घालून म्हणाला, "अध्यक्ष मैडम ने. शुक्रवार को मुआयना है ना, बगीचों की स्पर्धा का. बोलीं, कुछ खिला हुआ दिखना चाहिए."

"और रस्सी?"

"बोलीं, कपड़े सुखाने जैसी दिखती है."

माधवी परत सत्यवतीकडे आली. तिनं सत्यवतीची जखम धुतली, वसतिगृहाच्या अधीक्षक इंदूताईंकडून मलम आणून लावलं आणि सरळ गीतांजलीताईंच्या घराकडे निघाली. मंगळवारी तिथंच मंडळाची बैठक असे.

गीतांजलीताई आठ वर्षांपासून मंडळाच्या अध्यक्ष होत्या. घर मोठं, हिरवळ मोठी, आणि माणूस जोडायची हातोटी त्याहून मोठी. हिरवळीवर वेताच्या खुर्च्यांत चौदा जण बसले होते. सुमेधाही होती. ती माधवीची वीस वर्षांची मैत्रीण, तिच्याच आग्रहानं मंडळात आलेली. चहा नुकताच आला होता.

"ये माधवी, बस. बघितलीस बाग? कशी दिसून राहिली?"

"ताई, तुम्ही कोणाला विचारून तिथला मरवा उपटला?"

गीतांजलीताईंचं हसू थोडं कमी झालं. "अगं, स्पर्धेसाठी. नुसता हिरवा पाला परीक्षकांना काय दाखवायचा? मार्चमध्ये परत लावू ना आपण. काहून चिडून राहिली एवढी?"

"सत्यवती पडता पडता वाचली. नडगी फुटली तिची. तुम्ही दोरी काढली आणि वाटेत कुंड्या ठेवल्या."

"अरेरे. इंदूला सांगते मी, तीन दिवस त्यांना अंगणात पाठवू नकोस म्हणून."

"त्यांच्याच अंगणात?"

"तीनच दिवसांचा प्रश्न आहे, माधवी."

"आणि ती पाटी? हात लावू नका म्हणून पाटी? अंध बायकांच्या बागेत? वाचणार कोण आहे ती?"

कोपऱ्यातून कोणीतरी बारीकसं हसलं. मग एक निवृत्त गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अहो मॅडम, तेच तर. त्यांना थोडंच दिसून राहिलंय? मरवा असो की पिटुनिया, त्यांना काय फरक पडतो?"

माधवीनं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस मंडळाच्या प्रत्येक वार्षिक सभेत सेवेवर भाषण करायचा. तिनं समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पिटुनियाला तसा वास नसतो," ती म्हणाली. "पान चिकट असतं. ती बाई सकाळपासून ते पान चाचपून मरवा शोधून राहिली होती. तुम्हाला फरक कळत नसेल, तिला कळतो. आपण ती बाग त्यांना दिली होती की फोटोसाठी उधार ठेवली होती?"

"आवाज खाली," गीतांजलीताई म्हणाल्या. आता त्यांचाही चेहरा उतरला होता. "पुरस्कार मिळाला की मंडळाचं नाव होतं, नाव झालं की पुढची कामं मिळतात. शंभर लोकांचं भलं होतं त्यातून. तू एका दोरीसाठी भांडून राहिलीस. चलो, मत घेऊन टाकू. शुक्रवारपर्यंत बाग आहे तशी राहू द्यावी, असं कोणाला वाटतं?"

हात वर झाले. अकरा. मग त्यांनी विचारलं, विरोधात कोण? माधवीचा हात वर गेला. एका तरुण सभासदाचा, वेदांगचा, गेला. माधवीनं सुमेधाकडे पाहिलं. सुमेधा कपातल्या चहाकडे बघत बसली होती. तिनं कुठल्याच बाजूनं हात वर केला नव्हता.

रात्रभर माधवीच्या डोक्यात ते अकरा हात होते, आणि न उठलेला तो एक.

बुधवारी ती वसतिगृहात गेली ती मनाशी भाषण जुळवूनच. सत्यवती व्हरांड्यात खुर्ची विणत बसली होती. माधवीनं तिला बैठकीत काय झालं ते सांगितलं, माफी मागितली आणि म्हणाली, "तू काळजी करू नकोस. मी तुमच्यासाठी परत सगळं लावून देते. माझ्या पैशानं."

सत्यवतीचे हात थांबले नाहीत. वेताची पट्टी आवळत ती म्हणाली, "दीदी, एक बात कहूँ? बुरा मत मानिएगा. लगाने का फ़ैसला आप लोगों ने किया. उखाड़ने का भी आप ही लोगों ने किया. हमसे कब पूछा किसी ने?"

"अगं, पण दोरी तर तुझीच..."

"गाँठें मुझसे बँधवाईं. काग़ज़ पर दस्तख़त किसके थे? नल की चाबी किसके पास है?"

चावी माधवीच्या पर्समध्ये होती. दोन वर्षं तीच आठवड्यातून तीनदा येऊन नळ उघडत होती आणि त्या फेऱ्यांचा तिला अभिमानही होता. आदल्या दिवशी हिरवळीवर बोलताना आपण काय म्हणालो ते तिला आठवलं : आपण बाग त्यांना दिली. दिली! तिनं चावी काढून सत्यवतीच्या हातात ठेवली.

"सांग," ती म्हणाली. "काय करायचं?"

"अर्ज़ी लिखिए. ट्रस्ट के नाम. मैं बोलती हूँ."

सत्यवतीनं वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टच्या नावे अर्ज सांगितला, माधवीनं हिंदीत लिहून काढला. अंगण वसतिगृहाचं आहे, त्यात काय लावायचं ते राहणाऱ्या ठरवतील, बाहेरच्या कोणत्याही मंडळानं लेखी परवानगीशिवाय झाड लावू नये आणि काढूही नये. तेवीस सह्या आणि अंगठे झाले. इंदूताई आधी घाबरल्या. "मंडळवाले नाराज होतील, दिवाळीला ब्लँकेटं देतात ते," म्हणाल्या. मग सत्यवतीच्या नडगीकडे बघून त्यांनीही शिक्का मारला.

त्याच दुपारी बायका कामाला लागल्या. पिटुनिया त्यांनी फेकली नाही. मुळांना धक्का न लावता, मातीच्या गोळ्यासकट एकेक रोप काढून ट्रेमध्ये भरलं. त्या रोपांचा काय दोष, असं माधवीच म्हणाली. वेदांग घरून जाड दोर घेऊन आला आणि सत्यवतीनं मोजून गाठी मारल्या. कुंड्या भिंतीला लावल्या. पाटी माधवी आणि सत्यवतीनं मिळून हलवून हलवून उपटली.

नथ्थू ट्रे न्यायला आला, तेव्हा त्याच्या सायकलला ओल्या पोत्याचं गाठोडं बांधलेलं होतं. ते त्यानं ओट्यावर ठेवलं. आत मरवा होता, गवती चहा होता, चारही मोगरे होते.

"मैडम ने कचरे में डालने को बोला था," तो म्हणाला. "जड़ वाला पौधा कचरे में कैसे डालूँ?"

शुक्रवारी अकराच्या सुमारास तीन परीक्षक आले. गीतांजलीताई चंदेरी नेसून, मंडळाच्या सहा जणांसह फाटकाशी उभ्या होत्या. ट्रे परत पोचल्यापासून त्यांनी माधवीचे फोन घेतले नव्हते. इंदूताईंवर दबाव आणायचा प्रयत्न मात्र दोनदा झाला होता. आत ओट्यांवर मान टाकलेला मरवा, कापून आखूड केलेले मोगरे आणि बरीचशी उघडी माती होती.

"फूल वग़ैरह?" एका परीक्षकानं विचारलं.

"कुछ लोगों ने जानबूझकर तोड़फोड़ की है, सर," गीतांजलीताई म्हणाल्या. "मैं शिकायत करूँगी."

दोरीला हात लावून सत्यवती पुढे आली. "तोड़फोड़ नहीं, जी. फूल हमने हटाए. गिनकर वापस भेजे हैं."

"क्यों भई? अच्छे तो लग रहे थे, फ़ोटो देखी थी मैंने."

"किसको अच्छे लग रहे थे, साहब?"

परीक्षकानं खिशातून पेन काढलं. त्यानं हातातल्या पॅडवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, घड्याळ पाहिलं, आणि पाच मिनिटांत ते तिघं पुढच्या बागेकडे निघून गेले.

गाडी वळल्यावर गीतांजलीताई माधवीकडे आल्या. "मंडळाची दोन वर्षांची मेहनत तू मातीत घातलीस. स्वतःच्या हट्टापायी."

"ताई," माधवी म्हणाली, "अजून एकदा तरी सत्यवतीला विचारलंत का, पाय कसा आहे म्हणून? ती चार हातांवर उभी आहे."

गीतांजलीताईंनी सत्यवतीकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, त्या विचारतील. मग त्या वळून गाडीत जाऊन बसल्या.

पुरस्कार दुसऱ्या कुठल्यातरी संस्थेला मिळाला. आठवड्याभरात मंडळाचं पत्र आलं, शिस्तभंगाबद्दल माधवीचं सभासदत्व रद्द. वेदांगनं स्वतःच राजीनामा दिला. अर्ज मात्र ट्रस्टकडे पडून राहिला. एक विश्वस्त सराफ्यातले जुने सोनार होते. सत्यवती आणि इंदूताई त्यांच्या पेढीवर दोनदा जाऊन बसल्या. दुसऱ्या खेपेला सत्यवती म्हणाली, जवाब मिलने तक यहीं बैठूँगी, ग्राहकों को तकलीफ़ हो तो माफ़ कीजिए. पाचव्या आठवड्यात परवानगीचा कागद हातात आला. मोगरे जगले, मरवा जगला. दवणा गेला, तो नथ्थूच्या गाठोड्यात नव्हताच. त्या ओट्यावर काय लावायचं यावरून बायकांचे दोन तट पडले होते आणि माधवीला कोणी मत विचारलं नव्हतं. ती आता बोलावलं तरच जात असे.

एप्रिलमध्ये एका दुपारी सुमेधाचा फोन आला.

"कशी आहेस? ऐकलं मी, ट्रस्टनी लिहून दिलं म्हणे. झालं ना मग सगळं चांगलं? आता तू राग सोड. ताई पण विचारून राहिल्या होत्या तुझ्याबद्दल."

"सुमेधा, त्या दिवशी तू हात काहून नाही वर केलास?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"अगं, त्यांच्याच घरी बसून, त्यांचाच चहा पिऊन..." सुमेधा म्हणाली. "कसं दिसलं असतं ते?"

"कोणाला?" माधवीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून दिला.