तो चिमणी

आमच्या घरात चुका काढायचं काम माझं. पोटापाण्यासाठीही मी तेच करते. भाषा विषय घेऊन पदवीधर झाले, लग्न झालं, टिंबू झाली, आणि तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलेल्या टेबलावर बसून प्रकाशकांकडून येणारी मुद्रितं तपासते. लाल पेन, फूटपट्टी आणि दरवेळी थंड होऊन जाणारा चहा. सुटलेला काना, दीर्घाच्या जागी ऱ्हस्व, 'ती'च्या जागी पडलेला 'तो', सगळं मला लांबून दिसतं. निदान मी तसं समजत होते.

टिंबू हे नाव तिच्या बाबाचं. जन्मली तेव्हा इतकुशी होती की तो म्हणाला, "अगं, पोरगी कसली, हे तर तुझं टिंब!" तेच चिकटलं.

ती पावणेचार वर्षांची असताना, झाडांची पानं गळायला लागली त्या आठवड्यात, बालवर्गाच्या बाईंनी मला थांबवून घेतलं.

"पोर गोड आहे हो," त्या म्हणाल्या. गोडाने सुरुवात झाली की मागून 'पण' येतोच. "पण बोलत नाही. आणि बोलते तेव्हा तो-ती चुकते. परवा खिडकीत चिमणी बसली, तर म्हणते, 'तो आला.' हिवाळा संपत आला की मी चित्रं दाखवून सगळ्यांची तपासणी घेते. तोवर सुधारलं तर मोठ्या गटात, नाहीतर अजून एक वर्ष लहानग्यांत बसू दे. घाई काय आहे?"

घाई मला होती. टिंबूची एकुलती एक मैत्रीण, जिच्या कानात का होईना पण ती दिवसभर कुजबुजायची, मोठ्या गटात जाणार होती. ती गेली की ही कुणाशी बोलणार? आणि मुख्य म्हणजे, जगाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईच्या घरात 'तो चिमणी'?

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तुझा नवरा साडेचार वर्षांपर्यंत मुका होता. आता बघ, माझा फोन तो बोलून बोलून तापवतो." मला धीर आला नाही. मी एक वही केली, तिने दिवसभरात उच्चारलेल्या शब्दांची.

त्याच सुमारास शेजारचे काका कागद घेऊन आले. काकांनी आयुष्यभर जमिनीची मोजणी केली. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून त्यांनी पक्षी धरले. सगळे त्यांना मोजणीकाका म्हणतात. हिवाळाभर दर रविवारी सकाळी आठ ते साडेआठ, गल्लीतल्या अकरा घरांनी आपापल्या परसात दिसणारे पक्षी लिहायचे, असा त्यांचा उद्योग. कागदावर चार रकाने: पक्षी, नर, मादी, कळलं नाही.

"एका वेळी जितके दिसतील तितकेच लिहायचे," त्यांनी बजावलं. "तोच पक्षी तीनदा आला तर तीन होत नाहीत. जमीन दोनदा मोजली म्हणून वाढत नाही, पोरी."

मी कागद घेतला तो पक्ष्यांसाठी नाही. टिंबूला बोलतं करायला बरं निमित्त मिळालं म्हणून.

आमचं परस म्हणजे बारा पावलं लांब, सात पावलं रुंद. मागच्या भिंतीशी एक पानं झडलेलं झाड, कपडे वाळत घालायची तार, एक तुटका नळ. मी प्लास्टिकच्या झाकणाला भोकं पाडून ते तारेला टांगलं आणि त्यात बारीक धान्य घातलं. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी एक चिमणी आली, मग चार, मग त्यांचा बाजारच भरला. होले, ती कबुतरासारखी बारकी पाखरं, खाली सांडलेलं टिपत. कावळा भिंतीवर बसून मुकादमासारखा सगळ्यांवर नजर ठेवी.

पहिल्या रविवारी टिंबूला स्टुलावर उभं केलं. तिने काचेला नाक लावलं, काचेवर वाफेचा गोल उमटला.

"तो आला," ती म्हणाली.

"ती आली. चिमणी ती असते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत बाहेर. "ती आली."

"शाब्बास!"

"तो पण आला."

"ती पण आली, राणी."

असे किती रविवार गेले. मी प्रेमाने खोडायचे, हसत खोडायचे, कधी कपाळाला हात लावून खोडायचे. कागदावर चिमण्या नऊ, चिमण्या अकरा, सगळ्या 'कळलं नाही'च्या रकान्यात. चिमणीत कसला आलाय नर न् मादी, चिमणी ती चिमणी.

संध्याकाळी उजळणी. "खुर्ची?" "ती." "चमचा?" "तो." "पुस्तक?" "ते." एकही चूक नाही. अगदी दार, दोरी, दोरा, सगळं घडाघडा. आणि सकाळी खिडकीशी उभी राहिली की पुन्हा 'तो'.

मी हे नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हात ग्रीसने काळे, ते साबणाच्या भुकटीने घासत म्हणाला, "एखादी लिफ्ट सगळ्या मजल्यांवर नीट थांबते आणि एकाच मजल्यावर अडकते. तेव्हा आम्ही लिफ्ट खोलत नाही. त्या मजल्यावर जाऊन बघतो."

"तुझं सगळं लिफ्टपाशीच येऊन थांबतं."

"थांबायलाच हवं. नाही थांबलं तर मला फोन येतो."

मी हसले आणि विसरून गेले. इतकं सरळ सांगितलेलं मला कळलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

थंडी वाढली. सकाळी नळाखालच्या वाटीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरायची. चिमण्या अंग फुगवून तारेवर ओळीने बसत. आणि एका रविवारी टिंबू बोलेनाशीच झाली. स्टुलावर उभी राहायची, बघायची, बोटं वर करायची. पाच बोटं. सात बोटं. तोंडातून शब्द नाही.

"काय आलं, टिंबू?"

तिने बोट दाखवलं.

"तो की ती?"

तिने ओठ आत ओढून घेतले. माझ्या वहीत त्या दिवशी सहा शब्द होते. आधीच्या रविवारी एकोणतीस. वही मिटली आणि नळ सोडून बराच वेळ नुसतीच भांडी विसळत राहिले.

हिवाळा अर्धा सरला तेव्हा काका आतापर्यंतचे कागद बघायला आले. टेबलाशी बसले, चष्मा लावला, आणि एकेक कागद उलटत गेले तसतशा त्यांच्या भुवया वर चढल्या.

"काय गं हे? सगळं 'कळलं नाही'? कावळ्याचं एक वेळ मान्य. त्यांच्यातला नर-मादी मलाही बघून कळत नाही. पण चिमण्या?"

"चिमण्यांचं कसं कळणार, काका?"

"अगं, शिकलेली ना तू? नराच्या हनुवटीखाली काळा डाग असतो, शाई सांडल्यासारखा. मादीला नसतो. आता थंडीत नवी पिसं असतात, त्यांची टोकं फिकट, म्हणून डाग झाकला जातो. नीट बघावं लागतं. मला दुर्बिणीशिवाय जमत नाही. हिवाळा सरत आला की टोकं झिजतात आणि डाग आपोआप उघडा पडतो. मग काय, कुणीही सांगेल."

माझ्या हातात चहाची किटली होती. ती मी खाली ठेवली. मी त्या मजल्यावर जाऊन पोचले होते.

टिंबू जमिनीवर बसून रिकाम्या डब्यांवर डबे रचत होती. मी तिला उचलून स्टुलावर ठेवलं. तारेवर पाच चिमण्या होत्या. माझ्या डोळ्यांना पाचही सारख्या, मातकट.

"टिंबू, मला सांग. मी काही म्हणणार नाही. कोण कोण बसलंय?"

तिने हातातला डबा छातीशी धरला. काकांनी तेवढ्यात गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली होती.

"मी खोडणार नाही," मी म्हणाले. "शप्पथ."

तिने काचेवर बोट टेकवलं आणि डावीकडून सुरुवात केली, अगदी हळू. "ती. तो. ती. ती." शेवटच्यावर बोट थांबलं. "तो."

काका दुर्बीण डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवत गेले. परत उजवीकडून डावीकडे आले. मग म्हणाले, "बरोबर."

"पाचही?"

"पाचही. शेवटचा मला दुसऱ्यांदा बघावा लागला. हिला नाही लागला." त्यांनी दुर्बीण काढली आणि टिंबूपुढे जरा वाकलेच. "बाईसाहेब, 'तो' असला की त्याला चिमणा म्हणायचं. तुम्हाला शब्द कुणी दिलाच नाही."

"चिमणा," टिंबू म्हणाली, नवी गोळी चघळून बघावी तसं.

मी तिला विचारलं, "मग तू मला सांगितलं का नाहीस गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला कसं कळत नाही याचं तिला खरंच नवल वाटत होतं.

"सांगितलं," ती म्हणाली.

नुसतं आठवलं तरी मान खाली जाते, आणि लगेच वरही येते. कारण तिने सांगितलं होतंच. पानगळीपासून सांगत होती. जे काकांना दुर्बिणीतून दिसत होतं ते तिला नाक काचेला लावून दिसत होतं, आणि आई रोज खोडत असतानाही ती रोज पुन्हा तेच सांगत होती. अखेरीस गप्प बसली, पण खोटं बोलायला लागली नाही. माझ्या लाल पेनापुढे इतके दिवस टिकलेला लेखक मी अजून पाहिलेला नाही.

तपासणीच्या दिवशी बाईंनी पालकांना मागच्या भिंतीशी, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं होतं. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. टिंबू बाईंच्या समोर, पाय लोंबकळत.

चित्रं निघाली. "चेंडू?" "तो." "गाय?" "ती." "बैल?" "तो." "घर?" "ते." बाई बरोबरच्या खुणा करत होत्या. मग त्यांनी कुंपणावर बसलेल्या दोन चिमण्यांचं चित्र पुढे ठेवलं आणि पुढच्या चिमणीवर बोट ठेवलं.

"कोण आलं?"

टिंबूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अख्खा हिवाळा त्या एका बघण्यात होता. काय बोललं की आई खोडत नाही आणि काय बोललं की खोडते, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती.

"जे दिसतंय ते सांग," मी म्हणाले.

ती वळली. "तो आला."

बाईंची पेन्सिल फुलीसाठी खाली गेली.

"बाई, थांबा." आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठाच निघाला. शेजारच्या दोन आया दचकल्या. खरं तर मी अशी बाई आहे की दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी घरी घेऊन येते. "फुली मारू नका. त्याच्या हनुवटीखाली बघा. काळा डाग असणार. तो चिमणाच आहे."

बाईंनी चित्र लांब धरलं, मग जवळ, मग चष्मा कपाळावर ढकलून नाकापाशी.

"अगं बाई! चौदा वर्षं हे चित्र दाखवतेय मी." त्या एकदम हसल्या, आणि मग खुर्ची टिंबूकडे सरकवून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मग ही मागची?"

"ती. चिमणी."

"हो का! आणि कुंपणावर किती जण बसलेत?"

"दोघं," टिंबू म्हणाली.

मी बुटक्या खुर्चीची कड घट्ट धरली. दोन चिमणे असते तर दोघे. दोन चिमण्या असत्या तर दोघी. एक चिमणा आणि एक चिमणी, म्हणून दोघं. माझ्याकडे येणाऱ्या मुद्रितांत भलेभले लेखक इथे घसरतात आणि मी त्यांना खाली टीप लिहून समजावते. टिंबूला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. उजळणीत आम्ही तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

बाईंनी खोडरबर घेतलं. कागदाच्या वर त्यांनी पानगळीत पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते पुसलं, भुगा फुंकरीने उडवला.

"टिंबूची आई," त्या म्हणाल्या, "हिला मी मोठ्या गटात नाही घातलं तर हीच मला लहान गटात बसवेल."

घरी येताना टिंबू माझा हात धरून चालत होती आणि मी, सांगायला लाज नाही, रस्ता आमचाच असल्यासारखी मधोमध चालत होते. नवऱ्याला फोन केला तेव्हा तो कुठल्याशा सहाव्या मजल्यावर होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मजला तपासलास ना शेवटी?" मागून त्याचा सहकारी काहीतरी ओरडला. "नाही रे, लिफ्ट नाही," हा त्याला म्हणाला, "माझी मुलगी."

हिवाळ्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा खिडकीशी उभ्या होतो. चिमण्यांच्या हनुवट्यांखालचे डाग आता चांगलेच उघडे पडले होते, मलासुद्धा दिसत होते. तरी मी लाल पेन टेबलाच्या खणात ठेवलं, साधं निळं घेतलं, आणि टिंबू सांगेल तसं लिहीत गेले. चिमणे पाच. चिमण्या सात. 'कळलं नाही'चा रकाना कोराच होता.

इतक्यात मुकादम भिंतीवर येऊन बसला.

"हा लिहू?" मी विचारलं. "कावळा. तो की ती?"

टिंबूने नाक काचेला लावलं. कावळ्याने मान तिरकी केली, तिनेही केली. वाफेचा गोल मोठा झाला, लहान झाला. मला घाई नव्हती.

"कळलं नाही," ती म्हणाली.

मी रकान्यात एक आकडा लिहिला आणि त्याच्या पुढे, काकांच्या कागदावर चालत नाही तरीही, बरोबरची खूण केली.