डाव्या हाताचं माप

पितळेची चपटी डबी, नाण्याएवढी.

नवव्या मजल्याच्या काचेला आतून चिकटवलेलं पिवळं बदक.

ठिपक्याठिपक्यांचा एक पंजा.

गाजर.

‘‘एक... दोन...’’

घडीच्या वस्तू दोनच प्रकारच्या: हव्या तेव्हा न उघडणाऱ्या आणि हव्या तेव्हा न मिटणाऱ्या.

सात महिने.

*

सात महिने दोरीवाल्याचा दिवस एकाच प्रश्नाने उजाडत होता: चाकू निघाला का?

दोरीवाला म्हणजे उंच इमारतींच्या काचा बाहेरून, दोरीला लटकून पुसणारा माणूस. अकरा वर्षं त्याने हेच केलं. मग उजव्या हाताचा अंगठा कामातून गेला. डॉक्टरीण बाईंनी शीर जोडली, अंगठा वाकवून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘वाकेल हो. पण जोराचं काही सांगू नका त्याला.’’ जणू अंगठा नव्हे, घरी विश्रांतीला आलेला म्हातारा पाहुणा. कसं लागलं, असं कुणी विचारलं की दोरीवाला ‘‘लागलं’’ म्हणायचा आणि बादली उचलून चालू लागायचा.

बादली, कारण आता त्याचं काम खालीच होतं. ‘वर काम चालू आहे’ ही पाटी धरायची, बादल्या भरायच्या, वरून कुणी ओरडलं की मान मोडेस्तोवर वर बघायचं. मुकादमाच्या टोळीत नियम एक, पण काळ्या दगडावरची रेघ. दोरीवर जाणाऱ्याने कमरेचा चाकू एका हाताने, त्याच्याकडे न बघता, तीन म्हणायच्या आत उघडून दाखवायचा. दुसरा हात दोरीवर. सदऱ्याचं टोक दोरीच्या चापात ओढलं गेलं, तर कापून सुटायला तेवढाच वेळ मिळतो. आणि दोरीवाल्याचा जुना चाकू उजव्या अंगठ्याचा होता.

सहा महिने मुकादमाने कळ काढली. सातव्यात म्हणाला, ‘‘महिनाअखेरपर्यंत करून दाखवलंस तर तुझी दोरी तुझी. नाहीतर नवा माणूस कायमचा घेतो. नुसत्या आशेवर काचा पुसून होत नाहीत रे.’’

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

*

आता फॉर्म.

दुकानातले घडीचे चाकू झाडून सारे उजव्यांचे. शोधता शोधता फोनवर एक चाकूवाला सापडला. एकटाच, कुठेतरी लांब राहणारा, महिन्याला बारा चाकू करणारा. अर्धा चाकू ठरलेला, अर्धा मापाचा. पात्याचा आकार आणि खटका त्याचा. पोलाद, रंग, मूठ आणि हात तुमचा. नावात ‘टॅक्टिकल’ असा शब्दही होता.

‘‘म्हणजे अंग तयार, बाह्या मापाच्या,’’ बायको म्हणाली. ती घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन आणि भिंतीवर पाटी: माप देताना पोट आत ओढू नये.

‘‘भाऊजी, टॅक्टिकल?’’ तिचा धाकटा भाऊ, म्हणजे दोरीवाल्याचा मेव्हणा, फॉर्म वाचून म्हणाला. ‘‘काचा पुसायला जाताय की किल्ला घ्यायला?’’

पोलाद: न गंजणारं.

पात्याचा रंग: राखाडी.

मुठीचा रंग: काळा. हे खोडलेलं. पुढे बायकोच्या अक्षरात: केशरी. (‘‘पडला तर सापडायला नको? माझी टाचण्यांची उशी लाल का आहे, कधी विचार केलास?’’)

काही विशेष: इथे ‘मी डावखुरा आहे’ एवढं लिहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जन्मभर उजव्याने जेवलेल्या माणसाला ते लिहवेना, आणि अंगठ्याबद्दल अनोळखी माणसाला कशाला सांगा? त्याने लिहिलं: काही नाही.

हात: ‘ज्या हाताने चाकू उघडणार तो कागदावर पालथा ठेवून कडेने गिरवा. अंगठा कोणत्या बाजूला आहे त्यावरून हात मला कळेल.’

दोरीवाल्याने पेन्सिल उचलली तशी बायकोने ती काढून घेतली. ‘‘सरक बाजूला. मापं घेणं हे तुझं काम नाही.’’ तिने त्याचा डावा पंजा कागदावर थापला आणि बोटाबोटातून पेन्सिल फिरवली. मग ती जाड, वेडीवाकडी रेघ तिलाच बघवेना. पोलक्याचा कागद उतरवतात तसा तिने दातेरी चाकाने तो पंजा उतरवला, ठिपके शाईने पक्के केले, पेन्सिल खोडरबराने साफ केली. पंजा एवढा सुबक उतरला की तो पाकिटात घालताना तिने एकदा लांब धरूनही बघितला.

*

पहिला महिना. चाकूवाला: ‘रांगेत आहात.’

दुसरा. ‘रांगेत आहात.’

तिसरा. दोरीवाला डाव्या अंगठ्याला तालमीत घालतो. टूथपेस्टचं झाकण, पेनाचं टोपण, चष्म्याचं घर, जे सापडेल ते डाव्या अंगठ्याने उघडायचं. टूथपेस्ट आरशावर.

चौथा. ‘रांगेत आहात. रोज विचारल्याने पोलाद लवकर तापत नाही.’

पाचवा. बायको म्हणते, ‘‘आपल्या लग्नाआधी माझी एवढी वाट बघितली होतीस का?’’ तो म्हणतो, ‘‘तू तीन आठवड्यांत हो म्हणालीस.’’ संध्याकाळी तो स्वतःच्या हाताने वाढून घेतो.

सहावा. फोटो येतो: कापडावर नुसती केशरी मूठ. मेव्हणा फोन हातात धरून खोखो हसतो. ‘‘भाऊजी, सहा महिने थांबून गाजर मागवलंत?’’

सातवा. ‘निघाला.’

*

खोकं आलं दुपारी. महिना संपायला पाच दिवस होते.

दोरीवाल्याने हात धुतले, पुसले, परत धुतले. बायकोने मशीन थांबवलं. खोक्यात कागदाचे तुकडे, तुकड्यांत तेलकट कापड, कापडात तो.

आधी वजन कळलं. दिसायला एवढासा, पण हातात घेतल्यावर मूठ जणू आपण होऊन खाली बसली. मग वास: लोखंड, तेल, थोडासा जळका. केशरी मुठीवर बारीक आडव्या रेघा होत्या, मांजराच्या जिभेसारख्या, ओल्या हातातून निसटू नये म्हणून. पातं आत मिटलेलं, पाठीची राखाडी कड तेवढी बाहेर. त्याने दोन्ही हातांनी हळूच उघडलं. मध्ये कुठे अडलं नाही, लोण्यातून आल्यासारखं आलं आणि शेवटी म्हणालं: खट्ट.

दोघंही हसले. बंद केलं, उघडलं. खट्ट. अकरा वर्षांत त्याने असं काही हातात धरलं नव्हतं.

‘‘आता खरं,’’ तो म्हणाला, आणि चाकू मिटून डाव्या हातात घेतला.

अंगठा गेला तिथे नुसती मूठ. त्याने पुढे चाचपलं, मागे चाचपलं. पातं ढकलायची खुंटी पात्याच्या पलीकडल्या अंगाला होती, बोटांखाली. मुठीचा फुगवटा तळव्यात बसायचा तो बोटांना लागत होता. त्याने चाकू उजव्या हातात घेतला. सगळं जागच्या जागी. अंगठा नेमका खुंटीवर टेकला. आणि तिथेच बसून राहिला, पाहुण्यासारखा.

‘‘उजव्याचा पाठवला,’’ तो म्हणाला. ‘‘सात महिने थांबवून उजव्याचा पाठवला त्या गाढवाने!’’

चाकूवाल्याने मापाचा कागदही परत पाठवला होता. बायकोने तो उघडला. ठिपक्यांच्या पंजाकडे पाहिलं. कागद पालथा केला, सुलटा केला. मग आपला डावा हात पंजावर ठेवून बघितला. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या. जुळेना.

‘‘गाढव तो नाही,’’ ती म्हणाली.

‘‘मग?’’

‘‘खुणा उलट बाजूला करायच्या असतात ना. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, तिच्यावर डाग पडता कामा नये. वीस वर्षं कापडाला तेच करतेय. कार्बन खाली घातला, मागच्या बाजूला ठिपके उठले, त्यांनाच शाई केली. पुढची पेन्सिल खोडून टाकली.’’ ती खुर्चीत बसली. ‘‘तुझा डावा मी उजवा करून पाठवला.’’

दोरीवाल्याने तोंड उघडलं. पण ती स्वतःवरच एवढी चिडलेली होती की त्याच्या वाट्याला राग उरलाच नाही.

‘‘परत पाठव,’’ ती म्हणाली.

‘‘आणखी सात महिने. आणि महिना संपतोय मंगळवारी.’’

मशीनवर अर्धा शिवलेला झगा लोंबकळत होता. बायको तो पुढे शिवायला बसली, कारण हात रिकामे ठेवून वाईट वाटून घेणं तिला जमत नाही. चार टाक्यांत खालचा दोरा संपला. तिने मान वर तशीच ठेवून डावा हात मशीनच्या पोटाखाली घातला, बॉबिनची पितळी डबी धरली, आणि तिची बारीक कडी बोटाच्या टोकाने टिचकी मारल्यासारखी उघडली. टिक. डबी बाहेर.

ती थांबली. डबीकडे पाहिलं.

‘‘ते गाजर दे इकडे.’’

तिने चाकू डाव्या हातात धरला, मशीनखाली धरतात तसा, डोळे खिडकीकडे. मधलं बोट खुंटीवर. टिचकी.

खट्ट.

‘‘अंगठा कशाला हवाय?’’ ती म्हणाली. ‘‘खुंटी तर बोटांपाशी आहे. उजव्याचा आहे म्हणूनच आहे!’’

*

पहिल्या दिवशी पातं अर्ध्यात थांबायचं. दुसऱ्या दिवशी दहातून चार. मेव्हणा येऊन बघून गेला. जाता जाता चपलांपाशी उभा राहून हवेत टिचक्या मारताना दिसला. सोमवारी दहातून दहा, आंघोळीच्या ओल्या हातानेही. खट्ट, खट्ट, खट्ट. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या की तुमच्याकडे पालीचं काही झालंय का.

चाकू पट्ट्याला अडकवायची क्लिपही अर्थात उजव्या बाजूची. बायकोने पट्ट्याच्या डाव्या अंगाला मापाची खोळ शिवून दिली. या वेळी तिने खोळ पट्ट्यावर तीनदा लावून बघितली, चाकू घालून, काढून, परत घालून. तरी म्हणाली, ‘‘डावा कुठला, हात वर कर.’’

*

मंगळवार. इमारतीच्या मागच्या अंगणात तुळईला दोरी, माणसाच्या उंचीवर. दोरीवाला लटकला. उजव्या हाताची चार बोटं दोरीला पुरेशी होती. ते मुकादमालाही माहीत होतं.

‘‘काय रंग आहे हा,’’ मुकादम म्हणाला. ‘‘वर बघ. चाकूकडे बघितलंस तर बाद.’’

दोरीवाल्याने आभाळाकडे बघितलं.

‘‘एक...’’

हात खोळीत.

‘‘दोन...’’

खट्ट.

मुकादमाचं ‘तीन’ तोंडातच राहिलं. तो जवळ आला, चाकूच्या दोन्ही अंगांना बघितलं. ‘‘हा उजव्याचा आहे.’’

‘‘हो.’’

‘‘आणि अंगठ्याने नाही उघडलास.’’

‘‘नियमात अंगठा आहे का, मुकादम?’’

मुकादमाने डोकं खाजवलं. नियम त्यानेच केला होता, आणि त्यात अंगठा नव्हता. ‘‘परत,’’ तो म्हणाला. परत खट्ट. ‘‘ओला करून.’’ बादलीत बुडवून खट्ट. ‘‘कुणी शिकवलं?’’

‘‘घरी मशीन आहे.’’

मुकादमाला यातलं काही कळलं नाही. त्याने वर नवव्या मजल्याकडे हात केला. ‘‘ती पूर्वेची बाजू सात महिन्यांत कुणी धड पुसलेली नाही. बदकापासून सुरू कर.’’

बदक तिथेच होतं, उन्हाने थोडं फिकं झालेलं. दोरीवाल्याने त्याच्याभोवतीची काच आधी पुसली.

अंगठा सापडला होता तो मेव्हण्याच्या गच्चीवर, घडीच्या खुर्चीत, ती मिटताना.