प्रेम होतं, याचा पुरावा

“तुमच्या बायकोचं तुमच्यावर प्रेम होतं, हे आधी सिद्ध करावं लागेल,” वकीलबाई म्हणाल्या. “मगच ते ड्वेननं हिरावून घेतलं असं म्हणता येईल.”

व्हर्नन सेट्झर टोपी हातात फिरवत राहिला. त्याचं सगळं आयुष्य सोफ्यांना कापड चढवण्यात गेलं होतं. असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

“रविवारी कोंबडी तळायची माझ्यासाठी,” तो म्हणाला.

“आणखी?”

बहीण ऑलिव्ह पुढे सरसावली. “अहो, चर्चमध्ये त्याच्या खांद्यावर मान टाकून डुलक्या काढायची ती! अख्खं गाव बघायचं. लिहून घ्या!”

हा दावा ऑलिव्हच्याच हट्टानं उभा राहिला होता. ड्वेन चर्चच्या गायकांना शिकवायचा. व्हर्ननची बायको लोरीन त्याच्याकडे तालमीला जाता जाता एके दिवशी कपड्यांची बॅग घेऊनच गेली. “दुसऱ्याच्या बायकोचं प्रेम पळवणाऱ्याकडून भरपाई मागायचा आपल्या कॅरोलायनात कायदा आहे ना? मग खेच त्या गवयाला कोर्टात,” ऑलिव्ह म्हणाली होती. व्हर्ननला ड्वेनचा पैसा नको होता. खटला चालला तर लोरीनला यावं लागेल, निदान डोळ्यांना दिसेल तरी, एवढंच त्याच्या मनात होतं.

फेब्रुवारीत ती दिसली. निळा झगा, जरा वाळलेली. साक्षीच्या पिंजऱ्यात हात घट्ट धरून बसलेली. वकीलबाईंनी विचारलं, “शपथेवर सांगा, नवऱ्यावर तुमचं प्रेम होतं?”

नाही म्हणाली असती, तर ड्वेन तिथंच सुटला असता. तो खाली मान घालून बसला होता.

“होतं,” लोरीन म्हणाली. “खूप होतं.”

ऑलिव्हनं भावाला कोपरानं ढोसलं. “जिंकलो बघ!”

ड्वेनचा वकील उठला. “मग संपलं कधी?”

“आईला पुरून आलो त्या दुपारी,” लोरीन म्हणाली. “मी स्वयंपाकघरात रडत होते. म्हटलं, व्हर्नन, काहीतरी बोल रे माझ्याशी. तर म्हणाला, गाडीचं ऑइल बदलायचंय. आणि गेला बाहेर.” मागं कुणीतरी हसलं. ती तशीच पुढे म्हणाली, “त्यानंतरही मी पुष्कळ वाट पाहिली. ड्वेन तेव्हा या गावात आलासुद्धा नव्हता.”

वकीलबाई व्हर्ननच्या कानाशी लागल्या. “खोटं बोलतेय. फेरतपासणीत सोलून काढते तिला.”

“नको. खरंय ते.”

“मग हरलो आपण.”

“हो,” व्हर्नन म्हणाला.

ज्यूरीला फार वेळ लागला नाही. ड्वेन सुटला. ऑलिव्ह कुणाकुणाला शिव्या घालत आत रेंगाळली. व्हर्नन बाहेर आला, तर लोरीन कठड्याला धरून उभी. ड्वेन गाडी आणायला गेला होता आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर बर्फ गोठला होता.

व्हर्ननने हात पुढे केला. तिनं जरा विचार करून धरला. दोघं सावकाश उतरली.

खाली आल्यावर तो म्हणाला, “तुझ्या आईचा मलाही लळा होता गं. ऑइल बदलायला गेलो आणि गाडीखाली पडून रडलो.”

लोरीन त्याच्याकडे बघत राहिली. “मला कुठं माहीत होतं, व्हर्नन?”

“नाही. तुला कसं माहीत असणार?”

गाडी येऊन थांबली. व्हर्ननने तिच्यासाठी दार उघडलं. ती बसली. तिच्या कोटाची कड बाहेर लोंबत होती. ती त्यानं वाकून अलगद आत सारली आणि मग दार लावलं.